बबल पॉइंटचा अंदाज: सूत्र निवडण्याआधी जीओआर तपासा

एक बिनसुईची मोठी सिरिंज घ्या. फसफस थांबेपर्यंत उघडा ठेवलेला सोडा तिच्यात अर्ध्यापर्यंत ओढा, आत हवा राहू देऊ नका, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या हळूहळू मागे खेचा. आधी दट्ट्या हलायला तयार नसतो. मग आतल्या कडेला बारीक बुडबुडे धरतात आणि तो सैल सरकायला लागतो. पहिला बुडबुडा ज्या दाबाला सुटला, तो त्या सोड्याचा त्या तापमानाचा बबल पॉइंट. तेलाच्या प्रयोगशाळेतला महागडा पीव्हीटी (दाब-आकारमान-तापमान) सेल मुळात हेच काम करतो. फरक इतकाच की तिथे आत सोड्याऐवजी विहिरीतलं तेल असतं, तापमान शंभर अंशांच्या आसपास आणि दाब वातावरणाच्या शे-दोनशे पट.

जमिनीखालच्या तेलात मिथेन, इथेन, प्रोपेन असे वायू विरघळलेले असतात. विहिरीतून तेल निघतं तसा थरातला दाब उतरतो, तापमान मात्र जवळपास तेच राहतं. दाब बबल पॉइंटच्या वर असेपर्यंत थरात सगळं द्रवच असतं. त्याखाली गेला की वायू तेलातून बाहेर पडतो, तोही थेट खडकाच्या छिद्रांमध्ये.

सोड्याची सीलबंद बाटली मात्र वेगळी गोष्ट सांगते. तिच्यात पाण्यावर आधीच वायूचा थर बसलेला असतो, म्हणजे ती बबल पॉइंटवरच उभी आहे. तेलक्षेत्रात यालाच गॅस कॅप म्हणतात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या ड्रिलिंग रिगने शोधलेल्या मुंबई हायमधल्या एल-३ या चुनखडीच्या मुख्य थरात अशी गॅस कॅप आहे. अशा साठ्यात तेल आणि वायू जिथे टेकतात त्या पातळीवरचा मूळ दाब हाच तिथल्या तेलाचा बबल पॉइंट. दाब मोजला की उत्तर हातात. डोकं खाजवावं लागतं ते गॅस कॅप नसलेल्या, म्हणजे अंडरसॅच्युरेटेड साठ्यात.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते एका हिशेबाने कळेल. द्रव तेलाची प्रसरणक्षमता फार कमी असते, दर पीएसआयला (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) साधारण दहा लाखांत १५ भाग. दाब बबल पॉइंटपेक्षा १,५०० पीएसआय वर असला, तर तेवढा सगळा दाब संपेपर्यंत तेल फुगतं फक्त सव्वादोन टक्के. पाण्याचा आधार नसेल तर तोवर निघणारं तेलही त्याच मापाचं, खडक आणि त्यातलं पाणी फुगल्याने मिळणारी थोडी भर धरून. खाली उतरल्यावर सुटणारा वायू तेलाला ढकलतो खरा, पण नंतर तेलाच्याच वाटा अडवतो, स्वतः पुढे पळतो आणि मागे राहिलेलं तेल घट्ट होत जातं. थरात पाणी कधी सोडायचं, चोक (विहिरीचा प्रवाह आवरणारी झडप) किती उघडायचा, पंप किती खोल बसवायचा, हे सगळे निर्णय या एका दाबावर टेकलेले असतात.

मोजतात कसा

तेलाचा नमुना सेलमध्ये भरून थराच्या तापमानाला आणतात आणि दाब बबल पॉइंटच्या बराच वर नेतात. मग टप्प्याटप्प्याने जागा वाढवायची, ढवळायचं, दाब स्थिर होऊ द्यायचा, आणि आकारमान नोंदवायचं. सेलमधून काहीच बाहेर काढत नाहीत. बबल पॉइंट २,५०० पीएसआय असलेल्या आणि त्या दाबाला १०० घनसेंटीमीटर भरणाऱ्या तेलाचे आकडे साधारण असे येतील: ३,५०० ला ९८.५, ३,००० ला ९९.२५, २,५०० ला १००. इथवर दर १०० पीएसआयला वाढ फक्त ०.१५. पुढे २,४०० ला १०१.३, २,००० ला १०८.६, १,५०० ला १२५.६. म्हणजे पहिल्या १०० पीएसआयमध्येच वाढ जवळपास नऊपट झाली. आलेखावर दोन रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात तिथे बबल पॉइंट.

खालच्या भागातले बिंदू थोडे इकडेतिकडे पडतातच. त्यासाठी ‘वाय-फंक्शन’ काढतात: (बबल पॉइंट वजा दाब) भागिले [दाब × (सापेक्ष आकारमान वजा १)]; सापेक्ष आकारमान म्हणजे बबल पॉइंटच्या आकारमानाच्या किती पट. हे मूल्य दाबासमोर मांडलं की जवळपास सरळ रेषा यायला हवी. वरच्या उदाहरणात २,४०० ला ३.२, २,००० ला २.९, १,५०० ला २.६. रेषा बबल पॉइंटजवळ वाकडी झाली तर निवडलेला बबल पॉइंटच थोडा सरकवून बघायचा. व्होलटाइल तेलात, म्हणजे जिथे तापमान तेलाच्या क्रिटिकल तापमानाच्या जवळ आहे तिथे, ही मोड दिसतच नाही. आलेख गोलसर वळतो. तिथे खिडकी असलेला सेल लागतो आणि बुडबुडा डोळ्यांनी बघावा लागतो.

प्रयोगशाळा क्वचितच चुकते. चुकतो तो नमुना. विहीर जोरात वाहत असताना तळाचा दाब बबल पॉइंटखाली गेलेला असेल तर विहिरीभोवतीच्या खडकात वायू सुटलेला असतो, आणि बाटलीत आलेलं तेल वायू गमावलेलं किंवा जास्तीचा वायू घेऊन आलेलं असतं. म्हणून आधी विहीर ‘कंडिशन’ करतात: चोक पायरीपायरीने कमी करायचा, प्रत्येक पायरीवर जीओआर (दर बॅरल तेलामागे किती वायू) स्थिर होऊ द्यायचा, आणि मग तळाचा नमुना घ्यायचा. दोन-तीन बाटल्या भरतात त्या एवढ्यासाठीच. त्यांचे बबल पॉइंट आपसात जुळले नाहीत तर एकीवरही भरवसा नाही. सेपरेटरवर (तेल आणि वायू वेगळे करणारं पात्र) वायू आणि तेल वेगवेगळं घेतलं असेल तर एक सोपी परीक्षा आहे. सेपरेटरमधलं तेल वायूशी समतोलात होतं, तेव्हा सेपरेटरच्या तापमानाला त्या तेलाचा बबल पॉइंट सेपरेटरच्या दाबाइतकाच यायला हवा. बराच कमी आला तर बाटली गळली आहे. ड्रिलिंगच्या तेलयुक्त चिखलाचं तेल नमुन्यात मिसळलं की वायू पातळ होतो आणि बबल पॉइंट सहसा खाली येतो.

सूत्रं: कुणाची, कुठल्या तेलाची

नमुना नसतो तेव्हा, आणि नमुना असला तरी त्याची पडताळणी म्हणून, सूत्रं वापरतात. त्यांना चार गोष्टी लागतात: तेलात विरघळलेला वायू (जीओआर, बॅरलमागे घनफूट), वायूची ग्रॅव्हिटी (हवा १ धरून), तेलाची एपीआय ग्रॅव्हिटी आणि थराचं तापमान.

सगळ्यांत जुनं आणि अजून सर्वत्र चालणारं सूत्र स्टँडिंग यांचं, १९४७ चं. ते कॅलिफोर्नियातल्या २२ तेल-वायू मिश्रणांच्या १०५ मोजमापांवर उभं आहे:

दाब = १८.२ × [(जीओआर ÷ वायू ग्रॅव्हिटी)^०.८३ × १०^अ − १.४]
अ = ०.०००९१ × तापमान (फॅरनहाइट) − ०.०१२५ × एपीआय

उत्तर पीएसआयमध्ये, तेही अ‍ॅब्सोल्यूट, गेजचं नव्हे, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. सूत्राचा अर्थ बघा. वायू जास्त विरघळला की दाब जास्त लागतो. वायू जड असला की कमी लागतो, कारण जड वायू तेलात सुखाने राहतो. तापमान वाढलं की वायू बाहेर पडायला बघतो, म्हणून दाब वाढतो. तेल हलकं, म्हणजे एपीआय जास्त, की वायूला तेलात जागा सहज मिळते आणि दाब कमी होतो.

ग्लासो यांचं १९८० चं सूत्र उत्तर समुद्रातल्या ४५ नमुन्यांवरून आलं. त्याच वर्षीचं व्हास्केझ आणि बेग्ज यांचं सूत्र जगभरातल्या हजारो मोजमापांवरून, आणि त्यात ३० एपीआयच्या वर-खाली वेगळे स्थिरांक आहेत. अल-मरहून यांचं १९८८ चं सूत्र मध्यपूर्वेतल्या ६९ तेलांवरून. कुठल्या गावचं सूत्र हे बघणं गैर नाही, पण ‘अरबी समुद्र मध्यपूर्वेला जवळ, म्हणून अल-मरहून’ हा हिशेब भूगोलाचा झाला, रसायनाचा नव्हे. तेल पॅराफिनिक (साखळीच्या रेणूंचं) आहे की नॅफ्थेनिक (कड्यांच्या रेणूंचं), याने सूत्राची चूक ठरते.

चारही सूत्रांत एकच तेल घालून बघू. जीओआर ६००, वायू ग्रॅव्हिटी ०.८०, तेल ३८ एपीआय, तापमान २२० फॅरनहाइट. स्टँडिंगमध्ये ६०० ÷ ०.८० = ७५०. त्याचा ०.८३ वा घात २४३.४. अ = ०.२००२ − ०.४७५ = −०.२७४८, आणि १० चा तो घात ०.५३१. गुणाकार १२९.३, वजा १.४, गुणिले १८.२: सुमारे २,३२७ पीएसआय. ग्लासो २,५८० देतं, व्हास्केझ-बेग्ज २,५५०, अल-मरहून २,५७३.

तीन आकडे ३० पीएसआयच्या आत आणि स्टँडिंग अडीचशेने खाली. म्हणून स्टँडिंग चूक? तिघांचं जमतं हा पुरावा नाही. तिघांनाही तुम्ही तोच जीओआर खिलवलाय. तो चुकला असेल तर तिघंही एकत्रच चुकतील.

खरी चूक जिथे लपते

वरचा ६०० हा आकडा कुठून आला? समजा सेपरेटरच्या मीटरवर बॅरलमागे ५४० घनफूट वायू दिसतो, ग्रॅव्हिटी ०.७४. पण सेपरेटरमधून निघालेल्या तेलात अजून वायू आहे. तो टाकीत सुटतो, बॅरलमागे ६० घनफूट, आणि प्रोपेन-ब्युटेनमुळे जड असतो, ग्रॅव्हिटी १.३. बऱ्याच ठिकाणी टाकीच्या वायूवर मीटरच नसतो. दोन्ही धरून जीओआर ६००. ग्रॅव्हिटी वजनी सरासरीने: (५४० × ०.७४ + ६० × १.३) ÷ ६०० = ०.८० च्या जवळ.

आता टाकीचा वायू विसरलो तर काय? स्टँडिंगमध्ये ५४० आणि ०.७४ घातले तर २,२७४ येतात, फक्त ५३ ने कमी. जीओआर आणि ग्रॅव्हिटी दोन्ही एकाच दिशेने घसरल्या आणि भागाकारात एकमेकींना सावरून घेतलं. खरा घोळ होतो तो भेसळीत. जीओआर सेपरेटरचा, ग्रॅव्हिटी एकूण वायूची (५४० आणि ०.८०) घेतली तर २,१३० येतात. उलट केलं (६०० आणि ०.७४) तर २,४८५. एकाच विहिरीच्या, एकाच दिवसाच्या कागदांमधून साडेतीनशे पीएसआयचा फरक! आणि सावरून घेणं हे काही सगळ्या सूत्रांत चालत नाही. अल-मरहूनमध्ये ग्रॅव्हिटीचा घात फार मोठा आहे. तिथे ५४० आणि ०.७४ ची जोडी उत्तर वर नेते, सुमारे २,७६० पर्यंत. व्हास्केझ-बेग्जना तर १०० पीएसआय गेज दाबाच्या सेपरेटरवरची ग्रॅव्हिटी हवी असते. तुमचा सेपरेटर दुसऱ्या दाबाला चालत असेल तर आधी ती दुरुस्त करावी लागते. सोयीसाठी वरच्या हिशेबात ०.८० तशीच वापरली आहे, आणि खऱ्या अहवालातही नेमकं हेच होतं, न सांगता.

जीओआर जास्त दिसण्याची कारणं वेगळी. विहीर गॅस लिफ्टवर असेल, म्हणजे तेल वर आणायला विहिरीत वायू सोडत असतील, तर वरून सोडलेला वायू वजा करायलाच हवा. तो विसरला की तेलात नसलेला वायू तेलाच्या नावावर चढतो. गॅस कॅपमधून वायू खाली ओढला जात असेल तर तोही मोजमापात येतो. याची एक सोपी खूण आहे. काढलेला बबल पॉइंट त्याच खोलीवरच्या मूळ दाबापेक्षा जास्त आला तर सूत्र बदलत बसू नका. द्रवाचा बबल पॉइंट स्वतःच्या मूळ दाबाच्या वर असूच शकत नाही; असता तर तिथे आधीपासून वायू सुटलेला असता. मोजलेल्या वायूत बहुधा मोकळा वायू आलाय.

जीओआर कधीचा घ्यायचा, हाही प्रश्न. थराचा दाब बबल पॉइंटच्या वर असेपर्यंत जीओआर सपाट असतो आणि तो सपाट आकडाच हवा. दाब खाली गेल्यावर तो आधी किंचित उतरतो, कारण सुटलेला वायू छिद्रांत अडकतो, आणि मग झपाट्याने चढतो. म्हणजे उतरलेला जीओआर बघून ‘विहीर सुधारली’ असं वाटतं तेव्हाच वायू सुटायला लागलेला असू शकतो. सुरुवातीच्या महिन्यांतल्या नोंदी म्हणून जपून ठेवाव्यात.

प्रयोगशाळेच्या अहवालातही दोन जीओआर असतात. डिफरन्शियल चाचणीचा (दाब उतरवत प्रत्येक टप्प्यावर सुटलेला वायू काढून टाकायचा) आकडा सहसा सेपरेटर चाचणीपेक्षा मोठा असतो. स्टँडिंगच्या सूत्राला सेपरेटर-टाकीचा हवा. पानं उलटताना पहिला दिसला तो उचलला, असं फार होतं.

एककांची चूक त्यामानाने निरुपद्रवी वाटते, पण तीही दोन जातींची. जीओआर घनमीटरला घनमीटरमध्ये (६०० म्हणजे सुमारे १०७, कारण एक घनमीटर प्रति घनमीटर म्हणजे ५.६१५ घनफूट प्रति बॅरल) तसाच घातला तर स्टँडिंग ५४० पीएसआयसुद्धा देत नाही, आणि कुणालाही ते खटकतं. पण २२० फॅरनहाइटच्या जागी १०४ सेल्सिअस घातलं तर १,८२० येतात. पाचशेने चूक, आणि आकडा दिसायला अगदी शहाणा! अल-मरहूनमध्ये तापमान रँकिनमध्ये लागतं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ४६० मिळवून. भारतात दाब अनेकदा किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये लिहितात. एक म्हणजे १४.२२ पीएसआय.

उरलेल्या दोन आकड्यांचं वजन स्टँडिंगवरच बघा. तापमानात २० फॅरनहाइटची चूक म्हणजे साधारण १०० पीएसआय. एपीआय ३८ ऐवजी ३६ घेतला तर १४० ने वाढ. हे तापमान थराचं हवं, स्थिर झालेलं. ड्रिलिंगनंतर लगेच घेतलेलं तापमान चिखलाने थंड झालेलं असतं.

वायूत नायट्रोजन असेल तर सूत्रं दाब कमी सांगतात. नायट्रोजन तेलात विरघळायला नाखूश, थोडाही असला तरी बबल पॉइंट चांगलाच वर नेतो, आणि ग्रॅव्हिटीच्या आकड्यावरून त्याचा पत्ता लागत नाही. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड याच्या उलट, सूत्र खऱ्यापेक्षा जास्त सांगतं. म्हणून वायूचं पृथक्करण हातात नसताना काढलेला आकडा अर्धवटच.

संगणकाचं उत्तर

घटकांची पूर्ण यादी असेल तर इक्वेशन ऑफ स्टेट (दाब, आकारमान आणि तापमान यांचं नातं सांगणारं समीकरण), बहुतेक वेळा १९७६ चं पेंग-रॉबिन्सन, वापरून दाब काढतात. कल्पना सोपी आहे: प्रत्येक घटक वायूत किती आणि द्रवात किती जाईल याचं गुणोत्तर के; तेलातलं त्याचं प्रमाण गुणिले के, सगळ्यांची बेरीज. बेरीज १ पेक्षा जास्त म्हणजे दाब बबल पॉइंटच्या खाली आहे, वाढवा. कमी म्हणजे वर आहे, उतरवा. नेमकी १ झाली की थांबा. अडचण हेप्टेन आणि त्याहून जड घटकांची. तेलाचा मोठा भाग त्या एका ढिगात असतो आणि त्याचे गुणधर्म अंदाजानेच द्यावे लागतात. मोजलेल्या बबल पॉइंटशी जुळवून न घेतलेलं मॉडेल सूत्रापेक्षा चांगलं असेलच असं नाही, फक्त दशांशचिन्हानंतर आकडे जास्त छापतं. आणि जुळवताना सगळा भार मिथेन आणि जड ढिगामधल्या एका स्थिरांकावर टाकून दाब बसवला, तर घनता आणि इतर मोजमापं बिघडतात का तेही बघावं लागतं.

मोठ्या, उंच साठ्यात एकच बबल पॉइंट धरणंही धोक्याचं. गॅस कॅपच्या पातळीवर तो थराच्या दाबाइतका असतो आणि खाली जावं तसा सहसा कमी होतो, कारण खालचं तेल जड, कमी वायूचं असतं. वरच्या विहिरीचा नमुना खालच्या विहिरीला लावू नये.

अहवालात आकडा लिहायचा तर एकटा लिहू नका. वरच्या उदाहरणासाठी ओळ अशी असेल: ‘२,३३० ते २,५८० पीएसआय अ‍ॅब्सोल्यूट, २२० फॅरनहाइटला, जीओआर ६००, त्यात टाकीचा वायू ६०, ग्रॅव्हिटी ०.८० वजनी सरासरी. चार सूत्रं, मोजमाप नाही.’ तळाचा नमुना घेताना विहिरीच्या तळाचा दाब २,५८० च्याही बराच वर ठेवायचा, २,३३० च्या नव्हे. कमी आकडा धरून घेतलेला नमुना वायू गमावून बसतो, आणि मग प्रयोगशाळाही तोच कमी आकडा प्रामाणिकपणे मोजून देते.